तारलीचा कप्पा

त्या मंगळवारी प्लातानियाच्या चौकात गाडी उभी केली, कळ दाबली, आणि टपावरच्या भोंग्यातून नुसती खरखर आली.

पुन्हा दाबली. पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, सदऱ्याला पुसून परत खोचला. मग खरखरही थांबली. चौकातल्या चिनाराखाली मी एकटा, मागे बर्फावर माकूल आणि ऑक्टोपस, आणि सगळं गप्प. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. या उपासात मासा चालत नाही, पण माकूल चालते, कारण तिच्यात रक्त नसतं असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे या दिवसांत बायका लवकर येतात, चांगला माल पुढे होऊन उचलतात. त्या दिवशी कोणीच आलं नाही. मी आलोय हे गावाला कळलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने वाईया आजी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आली आणि गाडी बघून दारातच थबकली.

"काय रे अर्गिरी? चोरासारखा कधी येऊन उभा राहिलास?"

"बिघडलंय आजी काहीतरी."

"मी कान लावून बसलेय तिकडे, एवान्थिया हाक मारेल म्हणून. भांडं धुऊन पालथं घातलं, परत सुलटं केलं. म्हटलं आज येत नाही वाटतं हा." तिने दाण्यांचा हात झटकला. "काय झालं तिला?"

"तिला नाही. भोंग्याला."

"मग तसं सांग की. घाबरवतोस कशाला माणसाला."

एवढं बोलून ती कोंबड्यांकडे वळली. मीही माकूल मोजायच्या निमित्ताने खाली वाकलो. एवान्थिया माझी बायको. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं.

आजीचं मांजर चाकापाशी येऊन बसलं होतं. ते वर भोंग्याकडे बघत होतं.

गावाबाहेर आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि सगळं तपासलं. भोंगा चांगला होता; माइक लावून स्वतः खाकरलो तर शेतातले कावळे उडाले. वायरी चांगल्या होत्या. रेडिओ लागत होता. गेला होता तो पेन ड्राइव्ह, आणि त्यात एवान्थिया होती.

*

ती बसस्थानकात उद्‌घोषणा करायची. शहराचं नाव सांगत नाही, पण आमच्या मैदानी भागातल्या कुठल्याही गावचा माणूस तिच्या आवाजावर धावलेला आहे. काचेच्या खोलीत बसून ती शांतपणे सांगायची की लारिसाची गाडी सुटते आहे. ओरडायची नाही. घाई तिच्या आवाजात कधी नसायची, म्हणूनच लोक घाई करायचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "बायको कसली आणतोस, वेळापत्रक आणतोयस."

मग स्थानकात यंत्र आलं. अथेन्सच्या कुणा बाईने गावांची नावं एकेक करून सुटी वाचून दिली होती. यंत्र हवं ते नाव उचलून हव्या त्या वाक्यात बसवायचं. एवान्थियाला घरी पाठवलं. ती रडली वगैरे नाही. शेवटच्या दिवशी बाकावर बसून तासभर त्या यंत्राचं ऐकत राहिली आणि घरी येऊन म्हणाली, "बाईला 'त्रिकाला' नीट म्हणता येत नाही. पण युक्ती चांगली आहे."

मी तेव्हा तोंडाने ओरडून मासे विकायचो. दुपारपर्यंत घसा बसायचा. मग कॅसेट घेतली. उन्हाळ्यात गाडीत इतकं तापायचं की फीत ताणली जायची आणि भोंग्यातून एखादा आजारी बाप्या बोलल्यासारखं वाटायचं. नंतर सीडीची चकती आली. तिला उष्णतेचं काही नव्हतं, पण खड्डा सोसायचा नाही. आमचे रस्ते म्हणजे खड्डेच. 'तारली' म्हणायचं तर 'तार, तार, तार' असं गावभर होत राहायचं. पोरं मागे लागायची, "तारवाले काका आले!"

पहिला पेन ड्राइव्ह एवान्थियाच्या बहिणीच्या जावयाने जर्मनीहून आणला. अंगठ्याएवढा, निळा, गळ्यात अडकवायची दोरी असलेला. महाग वस्तू होती तेव्हा ती. आमच्याकडे सगळे तिला कांडीच म्हणायला लागले, मीही तेच म्हणतो. एवान्थियाने ती हातात घेऊन कानाशी हलवून बघितली.

"आत काहीच वाजत नाही रे."

"बिघडली असेल."

"अरे नाही. आत हलतं असं काही नाहीच. मग खड्डा हिचं काय करणार?"

त्या एका गोष्टीसाठी तिला ती कांडी आवडली. मग तिने बसस्थानकाची युक्ती वापरली. स्वयंपाकघरात खिडक्या लावून, गोधडी टांगून, प्रत्येक मासा वेगळा बोलली. कांडीत प्रत्येकाचा वेगळा कप्पा केला. तारलीचा एक, बांगड्याचा एक, माकूल, कोळंबी, ऑक्टोपस, पंचवीस मार्चला लागणारा खारा कॉड. बंदरावर ज्या दिवशी जे मिळेल त्याचा कप्पा लावायचा, गाडी गावात शिरली की कळ दाबायची. दुसऱ्या कोणाची गाडी अशी बोलत नव्हती. बाकीचे सगळे वर्षभर एकच आरोळी लावायचे आणि माल नसला की शिव्या खायचे.

बोलायची मात्र तशीच, स्थानकातल्यासारखी. "लक्ष द्यावे. व्होलोसहून निघालेली ताजी तारली चौकात येऊन पोहोचली आहे." लोक हसायचे. कॅफेत बसलेले म्हातारे मनगटावरची घड्याळं बघायचे. एक जण दर वेळी विचारायचा, "अर्गिरी, बांगडा कितव्या फलाटाला लागतोय?" पण भांडं घेऊन येताना पावलं उचलून यायचे. सवय होती ना.

एक कप्पा फक्त प्लातानियासाठी होता. "वाईया आजी, आपल्या मांजरासाठी माशांची डोकी आली आहेत. कृपया ताब्यात घ्यावीत." दर मंगळवारी तो लावला नाही तर आजी रुसायची.

पुढे कांड्या स्वस्त झाल्या, लहान झाल्या, नखाएवढ्या झाल्या. गाडीतली बिघडायच्या आत एवान्थिया नवी भरून द्यायची. मूळ कांडी, जिच्यावरून ती भरायची, ती लाल होती. ती कुठे असते हे मी कधी विचारलं नाही. मिठाचा डबा कुठे असतो हे तरी मला कुठे माहीत होतं?

कापूस वेचणीच्या दिवसांत पोटात दुखतं म्हणाली, आणि कापसाच्या गाड्या गिरणीला लागायच्या आत गेली.

चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि मी पुन्हा गाडी काढली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून कळ दाबली. पहिल्या गावात दोन बायकांनी छातीवर क्रूस काढला. प्लातानियात एक जण तोंडावर म्हणाली, "लाज नाही वाटत? मेलेल्या बाईला मासे विकायला लावतोस?"

वाईया आजी भांडं घेऊन मध्ये आली. "जिवंत होती तेव्हा विकतच होती ना? मग? मेल्यावर तिला काय मोठं दुसरं काम लागलंय?"

त्यानंतर कोणी काही बोललं नाही. दीड वर्ष ती बोलत राहिली. मला वाटायला लागलं होतं की हे असंच चालायचं.

*

शहरात तासूलाचं दुकान आहे. फोन, टीव्हीचे रिमोट, असल्या गोष्टी दुरुस्त करते. पन्नाशीची बाई, तोंडात कायम गोळी चघळत असते. तिने कांडी संगणकाला लावली, काढली, दुसऱ्या संगणकाला लावली, मग टोपण उघडून भिंगाखाली धरली.

"अर्गिरीदादा, ही रोज काढायचात?"

"रोज. बर्फाचं पाणी, मीठ. खिशात ठेवायचो."

"मिठाने खाल्लीय. आणि झिजलीय पण."

"आत हलत तर काही नाही. झिजेल कशी?"

"हलत नाही, पण आत बारीक बारीक खोल्या असतात. लाखोंनी. प्रत्येक खोलीत विजेचा एक थेंब कोंडून ठेवायचा, म्हणजे आठवण राहते. थेंब निसटला की गेलं." तिने भिंग बाजूला ठेवलं. "शहाण्या माणसाकडे हिची नक्कल असते."

"आहे. लाल."

"मग रडता कशाला? घेऊन या ती."

मी रडत नव्हतो. मासेवाल्याचे डोळे तसेच दिसतात.

दोन दिवस घर उलथंपालथं केलं. शिवणाचा डबा, औषधांचा खण, पिठाचे डबे, तिच्या कोटांचे खिसे. तिसऱ्या दिवशी पोलिक्सेनीताई आली. ही एवान्थियाची थोरली बहीण. उपासाचं म्हणून चीज न घातलेली पालकाची पोळी घेऊन आली होती. स्वयंपाकघराचा थाट बघून दारातच उभी राहिली.

"चोर शिरले का घरात?"

"एवान्थियाची लाल कांडी शोधतोय ताई. एवढीशी. तिचं सगळं बोलणं आहे त्यात."

ताईने पोळी टेबलावर ठेवली. बसली. मग उठली, नळ सोडला, बंद केला.

"चावीसारखी असते का ती? लाल?"

"तुम्ही बघितलीत?"

"तिच्या चष्म्याच्या डबीत होती."

"डबी कुठे आहे?"

ताई माझ्याकडे बघतच नव्हती. "मला वाटलं तिजोरीची नाहीतर कसली चावी असेल. म्हटलं असू दे तिच्या सामानात. चष्म्याशिवाय तिला हाताची बोटं दिसायची नाहीत अर्गिरी. तिकडे जाऊन चाचपडत बसली असती. म्हणून मी डबी..." तिने हाताने दाखवलं. आडवं झोपलेल्या माणसाच्या उशाशी आपण काही ठेवतो, तसं.

आमच्याकडे शवपेटीत माणसाच्या लागत्या गोष्टी ठेवतात. माझ्या सासऱ्यांबरोबर त्यांचे पत्ते गेले. ताईने चष्मा ठेवला हे बरोबरच केलं. मला तरी कुठे सुचलं होतं?

"झाकण लावायच्या आधी पुसला होता मी चष्मा," ताई म्हणाली.

"बरं केलंत."

"शिव्या दे की मला."

"पोळी कापा. गार होतेय."

आम्ही पोळी खाल्ली. ताटल्या उचलताना ताई हळूच म्हणाली, "त्या चोराकडे नसेल का रे? स्तामातिसकडे?"

*

स्तामातिसही मासेच विकतो. वाटणी अशी की मंगळवारी आणि शुक्रवारी ही गावं माझी, सोमवारी आणि गुरुवारी त्याची. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात लोक मला सांगायला लागले, "अर्गिरी, तुझी बायको सोमवारपण येते हल्ली." मी हसण्यावारी नेलं. मग वाईया आजी म्हणाली, "त्याच्या भोंग्यातून तूसुद्धा ओरडतोस रे. माझ्याशी भांडतोस."

झालं होतं असं की स्तामातिस एका मंगळवारी प्लातानियात चिनारामागे गाडी लावून बसला, आणि माझ्या भोंग्यातून येणारा एवान्थियाचा आवाज फोनवर धरून कांडीत भरून घेतला. कापाकापी करायचा आळस. जसं होतं तसंच लावून फिरत होता. मी त्याला बंदरावर गाठला आणि हातात होता तो ऑक्टोपस त्याच्या तोंडावर मारला. व्होलोसच्या धक्क्यावर अजून ती गोष्ट सांगतात, आणि दर वेळी ऑक्टोपस मोठा होतो.

एवान्थियाला राग आला नव्हता. तिने स्तामातिसला फोन केला. "स्तामाती, चोरायचंच तर नीट चोर. कुत्री भुंकतायत मागे. ये घरी, तुझी तारली वेगळी बोलून देते." तो आला नाही. शरमला असेल. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. बंदरावर एकमेकांकडे पाठ करून कॉफी प्यायचो.

ताई बोलून गेल्यावर मी त्याच्या पुढ्यात जाऊन बसलो तेव्हा त्याने आधी माझे हात बघितले.

"रिकामा आलास ना? की आहे पाठीमागे आठ पायांचं काही?"

"माझी कांडी मेली, स्तामाती."

"ऐकलं. मुक्याने फिरतोयस म्हणाले."

"दुसरी होती. ती पोलिक्सेनीताईने तिच्याबरोबर ठेवली. पेटीत."

त्याने कप खाली ठेवला. "अरे देवा."

"तुझ्याकडची ती..."

"आहे."

"वापरतोस?"

"वेडा की काय? ती गेल्याचं कळलं त्या सकाळी काढली गाडीतून. बायको म्हणाली, टाकून दे. चोरीचा माल टाकायचा तरी कुठे? म्हटलं असू दे." तो उठला. "चल."

त्याच्या गाडीत संत निकोलसच्या तसबिरीमागे ती कांडी होती, सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेली. त्याने काचा वर केल्या. दोन मासेवाले एका बंद गाडीत बसलो, वास तर विचारूच नका. त्याने कळ दाबली.

आधी कुत्रं. मग लांबून, भोंगा चौकात घुमतो तशी, एवान्थिया. "लक्ष द्यावे. व्होलोसहून निघालेली ताजी तारली चौकात येऊन पोहोचली आहे." मध्येच एक मोटारसायकल गेली. मग पुन्हा ती. तिच्या आवाजावर एक बाई कडाकडा भांडतेय. आणि एक बाप्या हसतोय, खच्चून, पोट धरून हसल्यासारखा. "आजी, ही डोकी मांजराला नेताय की स्वतःला?"

"हा कोण?" मी विचारलं.

स्तामातिसने माझ्याकडे बघितलं. "तूच की लेका. तुझ्यामुळे तर पकडला गेलो."

आम्ही परत लावलं. तिसऱ्यांदा लावताना त्याने कळ दाबली आणि काच खाली करून बाहेर बघत बसला.

"बाकीचे मासे नाहीत का?" मी विचारलं.

"त्या दिवशी तुझ्याकडे तारलीच होती रे. मी काय करू?" मग कांडी काढत म्हणाला, "यायला हवं होतं मी. बोलावलं होतं तिने. सगळे कप्पे दिले असते तिने मला. आज तुला लागले असते."

कांडी माझ्या हातावर ठेवून त्याने माझी बोटं मिटवली. मग दोन त्सिपुरो मागवले. उपासात दारूला बंदी नाही.

*

तासूलाने त्या कांडीच्या नकला केल्या.

"किती करू दादा?"

"होतील तेवढ्या."

"तसं नसतं हो. आकडा सांगा."

"कर गं. एक ताईला, एक स्तामातिसला, एक तुझ्याकडे राहू दे."

ती कुत्रं आणि मोटारसायकल काढून टाकायची म्हणत होती. मी नको म्हटलं. मग जे विचारायला आलो होतो ते मी विचारलं. पेटीत असलेली कांडी टिकेल का.

तिने गोळी गालात सरकवली. "डबी कसली?"

"कडक. चापाची."

"पडून असलेली कांडी झिजत नाही. वीज न देता दहा वर्षं राहील म्हणतात. म्हणतात हं. थेंब हळूहळू निसटतोच. आणि ओल शिरली तर..." ती थांबली. "वरची माती कसली आहे तिथे?"

"वाळूची. नदीकाठ आहे."

"मग बरी आहे," ती म्हणाली. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आपण कशाबद्दल बोलतोय, आणि तिने नकलांचे पैसे घेतले नाहीत.

पंचवीस मार्चच्या सणाला उपासातही मासा चालतो, आणि गावागावांत खारा कॉड आणि लसणीची चटणी लागते. वर्षातला सर्वांत मोठा धंदा. तो मी तोंडाने ओरडून केला. कॅफेतला म्हातारा म्हणाला, "अर्गिरी, तुझ्या आवाजाने कॉडला घाम फुटला." दुपारपर्यंत घसा गेला आणि मी खुणांनी भाव सांगत होतो. माल खपला. ईस्टरनंतर तारली आली तेव्हा चौकात गाडी उभी केली आणि स्तामातिसची कांडी लावली.

दारं उघडली. वाईया आजी भांडं घेऊन पावलं उचलत आली आणि गाडीपाशी येऊन थांबली. वर बघत राहिली. मांजरही.

"एवान्थिया आहे."

"हो."

"आणि हा तू."

"मीच."

"आणि ही कोण भांडकुदळ बाई रे? तुला बोलूच देत नाहीये."

"तुम्हीच आजी."

"मी? अशी?" तिने पूर्ण ऐकून घेतलं. "खरंय. डोकी कमी दिली होतीस त्या दिवशी."

तेव्हापासून तारलीच्या दिवशी ती कांडी लागते. बांगडा असला, माकूल असली, तर मी ओरडतो. लोकांना आता भोंग्यावरूनच कळतं काय आहे ते. एवान्थिया बोलली तर तारली. आजी तारली नसली तरी डोकी घ्यायला येते, आणि येताना दर वेळी सांगते, "माझ्या नावाची ती हाक आता नाहीच ना?"

"आहे," मी सांगतो. "इथे नाही, एवढंच."

आमच्याकडे माणूस कायमचा पुरत नाहीत. दफनभूमी लहान आणि गाव जुनं. तीन वर्षं झाली की थडगं उघडतात, हाडं काढतात, लाल वाइनने धुतात, पांढऱ्या कापडात बांधून पेटीत ठेवतात, आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. घरातलीच माणसं हे करतात. पोलिक्सेनीताईने आईवडिलांची हाडं स्वतःच्या हातांनी धुतली आहेत.

एवान्थियाची तीन वर्षं गेल्या कापूस वेचणीला झाली. पाद्रींनी एकदा विचारलं. ताई दर रविवारी विचारते. तिने कापड शिवून ठेवलं आहे, कडेला निळा दोरा घातलेलं. वाइन मी आणली, स्तामातिसच्या मेव्हण्याची, घरची. ती ओट्याखाली आहे.

"कसली वाट बघतोयस?" गेल्या रविवारी ताई म्हणाली. "हिवाळा लागला की माती जड होईल. आणि तुझी ती कांडीही मिळेल. तासूला म्हणाली ना, राहील म्हणून?"

"राहील म्हणतात, असं म्हणाली."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग नेहमीसारखी डबे आवरायला लागली.

"भीती वाटते का रे?"

"नाही हो. तारलीचे दिवस आहेत. वेळ कुठे आहे?"

पाद्रींकडे जाऊन दिवस ठरवायचा आहे. अजून ठरवलेला नाही.